एक फेरी जास्तीची

मी आयुष्यभर पाणी काढण्याचं काम केलं. विहिरीतून नव्हे, कँडलमधून. कँडल म्हणजे वाढदिवसाची नाही. स्टीलच्या पाण्याच्या फिल्टरचं झाकण उघडलं की आत दोन पांढऱ्या, गोल डोक्याच्या उभ्या असतात ना, त्या. तलासरीजवळच्या एका छोट्या कारखान्यात आम्ही त्या बनवायचो. कारखान्याचं नाव देत नाही. मालक भला माणूस आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे त्यात कारखान्याचा काडीचाही दोष नाही. जो आहे तो माझा.

माझ्या ओळखपत्रावर ‘मायक्रोवेव्ह ऑपरेटर’ असं लिहिलेलं होतं. डहाणूजवळ सरावलीत आमच्या आळीत हे कळल्यावर शेजारणी विचारायला लागल्या, “मग तुम्ही तिथे केक करता का?” सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढेपुढे “हो, रोज दोन हजार” असं म्हणून मोकळी व्हायचे.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा डोक्यात पहिल्यांदा आला तो लखमीचा कागद. लखमी म्हणजे माझ्या खात्यात ट्रे भरणारी बाई, राहणार झरी. वनजमिनीवरच्या तिच्या हक्काचा सगळा दावा त्या एका कागदावर उभा होता, आणि तो कागद मी माझ्या मशीनमध्ये घातला. काय झालं ते सांगतेच. पण आधी मशीन कळायला हवं, नाहीतर मी काय केलं तेही कळायचं नाही.

कँडल बनते मातीची. त्या मातीत अगदी बारीक चाळलेला भुसा मिसळतात. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी भोकं राहतात. त्या भोकांतून पाणी झिरपतं, गाळ बाहेर राहतो. एवढाच सगळा चमत्कार. पण भट्टीत जाण्याआधी कच्ची कँडल पूर्ण सुकली पाहिजे, आणि एकसारखी सुकली पाहिजे. इथे भल्याभल्यांची दांडी उडते.

आधी आमच्याकडे गरम हवेची खोली होती. गरम हवा बाहेरून लागते. मग बाहेरची कातडी आधी सुकते आणि आक्रसते. आतला गाभा ओलाच, फुगलेला. बाहेरचं आवळतं, आतलं ऐकत नाही, आणि कँडलवर चीर येते. केसासारखी बारीक चीर, म्हणून आम्ही म्हणायचो ‘केस आला’. केस आला की कँडल बाद, कारण त्या केसातून गाळच काय, गांडूळसुद्धा जाईल. पावसाळ्यात तर शंभरातल्या किती बाद व्हायच्या ते विचारूच नका. शेठ बाद ट्रे मोजायला यायचे आणि न मोजताच परत जायचे.

मग शेठनी हे मशीन आणलं. स्टीलचं कपाट, पुरुषभर उंच, आत फिरती चकती, वर पातळ पत्र्याचा एक पंखा. वारा घालायला नव्हे, लहरी इकडेतिकडे उडवायला. पुण्याहून इंजिनियर आले होते बसवायला. साधा माणूस, पण बोलायला लागला की आम्हाला फक्त ‘आणि’ आणि ‘म्हणजे’ एवढंच कळायचं. तीन दिवसांनी मला जे उमगलं ते असं: या मशीनला हवेशी देणंघेणं नाही, मातीशीही फारसं नाही. ते थेट पाण्याला पकडतं. माती कितीही जाड असो, आत जिथे जिथे पाणी आहे तिथे तिथे ते एकाच वेळी तापतं, वाफ होते, आणि वाफ आतून बाहेर येते. म्हणजे कातडी शेवटपर्यंत जरा ओलसर राहते, म्हणून आवळत नाही, म्हणून केस येत नाही.

ऐकायला किती छान! पहिल्या आठवड्यात आम्ही एका दमात पूर्ण जोर लावून ट्रे सुकवायला ठेवला. चार मिनिटांत आत फटफट फटफट. भट्टीत चणे फुटावेत तसा आवाज. शेठ ऑफिसातून धावत आले, गुजरातीत विचारत. “शूं थयुं बेन? दिवाळी आवी के?” दार उघडलं तर निम्म्या कँडल्सच्या ठिकऱ्या. आतल्या पाण्याची वाफ इतक्या झपाट्याने झाली की बाहेर पडायला वाटच नाही मिळाली. इंजिनियर खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत बसले. त्यांची मला दया आली.

तेव्हापासून आम्ही फेऱ्या लावायला लागलो. दोन मिनिटं मशीन चालू, पाच मिनिटं बंद. पुन्हा दोन, पुन्हा पाच. बंद असतं तेव्हा आत काय होतं? मुरतं. भात उतरवला की झाकण ठेवून मुरू देतो, तसंच. जिथे ओल जास्त राहिली तिथून ती कोरड्या जागेकडे आपोआप सरकते. मशीनच्या लहरी सगळीकडे सारख्या नसतात; घरच्या मायक्रोवेव्हमध्ये नाही का भाजीचा एक कोपरा जीभ भाजतो आणि दुसरा फ्रिजमधला गारठाच राहतो? ती उणीव हा पाच मिनिटांचा विसावा भरून काढतो. मशीन चालवणाऱ्याचं कसब चालू करण्यात नसतं, बंद ठेवण्यात असतं. हे वाक्य माझं आहे, इंजिनियरांचं नाही. त्यांनी नंतर दुसऱ्या कारखान्यात ते स्वतःचं म्हणून सांगितलं, असं कानावर आलं. सांगू देत.

सुकलं की नाही हे बघायला वजनकाटा होता. मी गाल लावायचे. कँडल गालाला गार लागली की आत ओल आहे. आणि शेवटची खात्री जिभेने. पूर्ण कोरडी माती जिभेच्या टोकाला चिकटते, ओढून घेते. चिकटली की पास. एकदा माल घेणाऱ्या कंपनीचा तपासणीस आला, टाय वगैरे लावून. त्याने मला कँडल चाटताना पाहिलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मॅडम, लोक यातून पाणी पितात!” मी म्हटलं, “साहेब, ही आता भट्टीत जाणार. तिथे लोखंड लाल होतं. माझी थुंकी काय टिकणार?” तो हसला नाही. वजनकाट्याचेच आकडे घेऊन गेला. पण पुढच्या खेपेला कोणी बघत नाही असं पाहून त्यानेही एक लावून बघितली. मी बघत होते.

चित्रविचित्र गिऱ्हाइकंही यायची. डहाणूचे एक चिकूवाले शेठच्या ओळखीने आले. “कँडल सुकते तर चिकूच्या फोडी का नाही?” मी सांगितलं, नका, फळात साखर असते, साखरेचं मला ठाऊक नाही. ऐकेनात. सुट्टीच्या दिवशी एक ट्रे लावला. बाहेरून फोडी इतक्या सुंदर दिसत होत्या की चिकूवाले माझ्या पाया पडायचे बाकी होते. एक फोड मोडून बघितली. आत काळी, कोळसा. पाणी उडून गेल्यावर लहरींना पकडायला दुसरं काही सापडलं की त्या तेच पकडतात, आणि मग ते जळतं. बाहेर पत्ता नसतो. चिकूवाल्यांनी ती फोड खिशात घातली आणि पुन्हा आले नाहीत.

म्हणजे मला हे माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

लखमी माझ्या खात्यात दहा वर्षं होती. हात इतका हलका की ओली कँडल उचलली तरी बोटांचे ठसे उमटायचे नाहीत. बोलायला कमी, पण बोलली की सरळ. ती सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. मला तू, शेठना तू, तपासणीसालाही तू. त्यांच्या बोलीत घरच्या थोरांनाही तूच म्हणतात, तिथे आमची काय मातब्बरी. नवरा खलाशी, वर्षातले आठ महिने गुजरातच्या बोटींवर. घर, मुलं, म्हातारी सासू आणि प्लॉट, सगळं हिच्या अंगावर.

इकडे वनखात्याच्या जमिनीतल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या तुकड्याला सगळे ‘प्लॉट’च म्हणतात. शहरातल्या माणसाला वाटेल बंगला बांधायचाय. तर त्या प्लॉटचा हक्क मिळावा म्हणून तिच्या सासऱ्याने दावा टाकला होता. पाड्यातल्या समितीसमोर त्याने जबाब दिला, कोणीतरी तो बॉलपेनने लिहून घेतला, खाली म्हाताऱ्याने अंगठा केला. नंतर म्हातारा वारला. दावा कुठेतरी अडकला, फेटाळला, पुन्हा उघडला. शेवटी डहाणूला सुनावणी लागली. ‘मूळ कागद घेऊन या’ असा निरोप आला होता. झेरॉक्स होती, पण इतकी फिकट की पावसातल्या डोंगरासारखी काहीतरी आहे एवढंच कळायचं.

सुनावणीला चार दिवस होते तेव्हा लखमी दुपारच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकची पिशवी.

“बाय, तुना मशीन आतून सुकवते ना?”

“हो. का?”

तिने पिशवीतून कागद काढला. लॅमिनेशन केलेला. आणि प्लास्टिकच्या आत चिंब ओला.

आता हे कसं झालं ते ऐका. कागद टिकावा म्हणून तिने तलासरीला नेऊन तो लॅमिनेट केला होता. आपल्याकडे कोणताही मोलाचा कागद आधी लॅमिनेट होतो. जन्माचा दाखला काय, शाळा सोडल्याचा काय. पुढे कुठल्याशा टेबलावर कोणीतरी तो फाइलला लावायचा म्हणून पंच मारून कडेला दोन भोकं पाडली. झालं. प्लास्टिकचं चिलखत, आणि त्याला दोन खिडक्या. लखमी कागद ठेवायची कणगीत, भाताच्या वरच्या बाजूला. छपराचं कौल सरकलं, नवरात्राच्या आधीच्या पावसाचं पाणी कणगीत उतरलं, आणि त्या दोन भोकांतून कागदाने ते हळूहळू पिऊन घेतलं. कागद हासुद्धा भोकाभोकांचाच असतो, आमच्या कँडलसारखा. एका टोकाला पाणी लागलं की दुसऱ्या टोकापर्यंत आपणहून जातं.

“उन्हात ठेवला व्हता,” लखमी म्हणाली. “आतल्या आत घाम आला, पन बाहेर नाय निघाला.”

“सोलून का नाही काढलास?”

“कोपरा सोलला. अक्षर प्लास्टिकलाच चिकटून आला.”

वरच्या कोपऱ्यातली एक ओळ खरंच गेली होती. आत काळपट बुरशी धरायला लागली होती. इस्त्री फिरवली तर प्लास्टिक वितळणार. तसाच ठेवला तर चार दिवसांत बुरशी सगळं खाणार. आणि तो न्यायचा कुठे, तर सुनावणीला. कागद वाचता आला नाही तर दावा पुन्हा फेटाळणार, आणि फेटाळला तर वरच्या मोहाच्या झाडापासून खालच्या ओहोळापर्यंतची ती जमीन लखमी कोणत्या तोंडाने कसणार?

तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. तिने फक्त विचारलं, “व्हईल का?”

मी “बघते” म्हटलं. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. इतकी वर्षं कँडल सुकवल्या, कोणी कधी असं काही माझ्याकडे आणलं नव्हतं. चिकू सोडून.

शेठना विचारलं. ते म्हणाले, “बेन, मशीन तमारुं. मने ना पूछो.” हा त्यांचा होकार असायचा.

मी काय काय केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं बरोबर होतं. आधी कागदाच्या चारही कडांचं प्लास्टिक कात्रीने कापलं, वाफेला वाट म्हणून. भोकापाशी एक टाचणी गंजून आत राहिली होती, ती चिमट्याने काढली. धातू आत राहिला तर ठिणगी उडते. एवढ्या मोठ्या मशीनमध्ये एकच कागद ठेवला तर सगळा जोर त्याच्यावर येईल, म्हणून भोवती बाद झालेल्या ओल्या कँडल्स मांडल्या, त्यांनी आपला वाटा घ्यावा म्हणून. जोर सगळ्यात कमी ठेवला. दोन मिनिटांऐवजी पंधरा सेकंदांची फेरी, आणि मध्ये दहा मिनिटं विसावा. दर फेरीनंतर कागद बाहेर काढून, उजेडात धरून बघायचं.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही. तिसऱ्या फेरीनंतर कडेला बारीक थेंब जमले. मी ते फडक्याने टिपले. लखमीने श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. पाचव्या, सहाव्या फेरीपर्यंत वरचा भाग पांढरा व्हायला लागला, अक्षरं जागेवर दिसायला लागली. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने हलली नव्हती. मी तिला वाचून दाखवलं.

“मी, खाली अंगठा करणार, राहणार झरी, सांगतो की वर मोह आणि खाली ओहोळ, या दोन्हींच्या मधली जमीन माझा बाप करत होता. तो मेल्यावर मी करतो. भात आणि नागली होते. मधला मोठा दगड मी आणि माझ्या बायकोने खणून काढला, तो आता बांधावर आहे. ज्यांना बघायचा त्यांनी येऊन बघावा.”

“हाय अजून,” लखमी म्हणाली. “दगड हाय. पोरं बसतात त्यावर.”

खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. त्यांच्या डाव्या बाजूला म्हाताऱ्याचा अंगठा. काळा, ठसठशीत, गोल. तो भाग केव्हाच कोरडा झाला होता. फक्त अगदी खालच्या कोपऱ्यात, पंचच्या भोकापाशी, रुपयाएवढी ओल राहिली होती. प्लास्टिकच्या आत अजून धुकं दिसत होतं.

इथेच मी थांबायला हवं होतं. रुपयाएवढी ओल पंख्याखाली दोन दिवसांत निघाली असती. पण माझ्या खात्याचा एक नियम होता, मीच घातलेला: ट्रेमधली एक जरी कँडल ओली असेल तर अख्खा ट्रे आणखी एक फेरी जाणार. एकसारखं सुकलं पाहिजे. सुकलेल्या कँडलला जादा फेरीने काही होत नाही. मातीच ती, तिच्यात पाणी नाही तर ती तापतच नाही. हजारो ट्रे मी असे परत पाठवले असतील. हाताला सवय. डोकं विचारायच्या आत हाताने बटण दाबलं.

लखमी तेव्हा बाहेर नळावर ट्रे धूत होती. सुट्टी संपली होती, आणि तिला वाटलं असणार, झालंच आता.

पंधरा सेकंदांनी दार उघडलं आणि वास आला. जळक्या केसांसारखा. कागद पांढरा स्वच्छ, कोपराही कोरडा. अंगठ्याच्या जागी तपकिरी डाग, मधोमध काळा, आणि वरचं प्लास्टिक फोड आल्यासारखं उठलेलं. अंगठ्याच्या शाईत काजळी असते, हे मला नंतर इंजिनियरांना फोन केल्यावर कळलं. काजळी या लहरी ओढून घेते. कागदात पाणी होतं तोवर ठीक होतं. पाणी संपल्यावर ओढून घेणारं दुसरं काही त्या कागदात उरलंच नव्हतं.

चिकूची फोड मोडून बघितलेली बाई मी. पण तेव्हा मला चिकू आठवला नाही.

लखमी हात पुसत आत आली. मी कागद तिच्या हातात दिला. तिने आधी अक्षरं बघितली, मग खाली बघितलं.

“अंगठा?” ती म्हणाली.

मी म्हणाले, “तो पाण्यानेच गेला होता गं. आधीपासूनच. सुकल्यावर दिसला.”

किती सहज म्हणाले! जीभ अडखळलीसुद्धा नाही. दहा वर्षं माझ्याबरोबर काम केलेल्या बाईला मी तोंडावर खोटं सांगितलं, कारण मशीनवर माझा हात चुकला हे मला तिच्यासमोर कबूल करवेना. बाकी सगळ्यांसमोर केलं असतं. तिच्यासमोर नाही.

तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “अक्षर हाय ना.” आणि कागद पिशवीत घातला.

मी रजा टाकून सुनावणीला तिच्याबरोबर गेले. चांगुलपणा म्हणून नव्हे. घरी बसवलं नसतं. दोन साक्षीदारांपैकी एक जिवंत होता, लखमीच्या पाड्यातलाच, पार थकलेला. त्याला आम्ही दोघींनी धरून एसटीत चढवलं, डहाणूला रिक्षा केली. आत साहेबांनी कागद हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“इथे अंगठा होता?”

“व्हता,” लखमी म्हणाली. “पानी लागलं. तू या म्हाताऱ्याला विचार.”

साहेबांनी ‘तू’ ऐकून वर बघितलं, पण इकडचेच असावेत, काही बोलले नाहीत. म्हाताऱ्याने सांगितलं, हो, माझ्यासमोर केला, ही सही माझी. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “कागद मी सुकवला.” साहेबांना त्याचं काय करायचं कळेना. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. तेवढ्यात मी म्हणू शकले असते, साहेब, अंगठा पाण्याने नाही गेला. ओठांपर्यंत आलं होतं. पण वाटलं, आता हे बोलले तर कागदावरच संशय यायचा. खरं कारण तेच होतं का? अर्धं तरी होतं.

साहेबांनी माणूस पाठवून बांधावरचा दगड बघून घेतला, असं नंतर कळलं. पुढे काही महिन्यांनी हक्काचा दाखला निघाला. सुनावणीत मूळ कागद बघून परत दिला होता, तो लखमीकडेच राहिला.

मी निवृत्त झाले त्यालाही आता काही वर्षं झाली. आता त्या मशीनवर दुसरी बाई आहे. ती जीभ लावत नाही, तिच्याकडे ओल मोजायचं यंत्र आहे, आणि तिच्या कँडल्सना केस येत नाही, म्हणजे चांगलंच चाललंय. लखमी मात्र दरवर्षी नवं भात निघालं की सरावलीला येते. दोन पायल्या तांदूळ, त्या प्लॉटमधला. आमच्या आळीत सगळ्यांसमोर सांगते, “या बायने आमचा कागद वाचवला, नायतर आमचा प्लॉट गेला असता.” शेजारणी कौतुकाने बघतात. मी तांदूळ घेते. त्याचा भात करते, मऊ आणि गोड होतो, आणि दर घासाला मला लाज वाटते. हे असं सरळ लिहिलं तर नाटकी वाटेल, पण दुसरं कसं लिहू?

हा लेख लिहायला बसले तेव्हा ठरवलं, आधी तिला सांगायचं, मग छापायचं. तिला कळायच्या आत लोकांना कळलं, तर ते पहिल्या खोट्यापेक्षा वाईट. एका सकाळी डहाणूहून एसटी धरली, तलासरीला उतरून रिक्षाने झरीला गेले. लखमी अंगणात सुपाने नागली पाखडत होती. सासू भिंतीला टेकून उन्हात बसली होती, तिला ऐकू येत नाही. मी बसले. पाणी प्यायले. मग सांगून टाकलं.

“लखमी, तो अंगठा पाण्याने गेला नव्हता. मी जाळला. एक फेरी जास्त लावली, आणि तुला खोटं सांगितलं.”

तिचे हात थांबले नाहीत. नागलीचा कोंडा वाऱ्यावर उडत राहिला.

“वास आलता मना,” ती म्हणाली. “तेव्हाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय? सुनावणी तोंडावर. तू रडत बसली असती, मग म्हाताऱ्याला एसटीत कोनी चढवला असता?”

मला हसू आलं. खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं, आणि त्या भरात मी बोलून गेले, “जाऊ दे, प्लॉट तर मिळाला ना शेवटी. अंगठा नसला तरी अडलं नाही काही.”

लखमीने सूप खाली ठेवलं.

“प्लॉट मिळाला,” ती म्हणाली. “सरकारचं काय नाय अडलं. पन सासऱ्याचं तेवढंच व्हतं आमच्याकडे. व्होटिंग कार्डावर फोटो हाय, पन तो कोनाचा पन वाटते. अंगठा त्याचाच व्हता. कोयता लागून काप पडला व्हता त्याच्या अंगठ्याला, आडवा, तो पन उठला व्हता त्यात. दिवाळीत कणगी साफ करायला घेतली की पोरं कागद मागायची. त्यावर आपापला अंगठा ठेवून बघायची, कोनाचा आज्याएवढा झाला. मोठ्याचा झालता.”

मी सुपातल्या नागलीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“धाकट्याचा तेवढा बघायचा राहिला,” ती म्हणाली, आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली.